तीनास एकचा बाण

जयपाल अण्णांनी आयुष्यात शब्द फार थोड्या वेळा दिला होता, आणि जो दिला तो आधी कागदावर मांडून, दोनदा ताडूनच दिला होता. माळावरच्या अकरा धनगर घरांना त्यांनी सांगितले होते की, कृष्णेचे पाणी पंपाने उचलून तुमच्या बांधापर्यंत येईल. त्या शब्दावर विसंबून त्यांतल्या धुळाने स्वतःच्या रानातून पाइपलाइनसाठी चर काढू दिला. वर्षभर पाणी आलेही. गेले तीन आठवडे मात्र माळावरच्या पाइपातून नुसती हवा फुसफुसत होती. आता रविवारी पाणी संस्थेच्या सभेत वरची लाइन कायमची बंद करण्याचा ठराव यायचा होता.

शनिवारी सकाळीच धुळा दारात उभा राहिला.

"आण्णा, खाली म्हंत्यात, तुमचा हिशेब चुकला. पंपाला तेवढा दम न्हाई म्हनं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? शिक्षान तुमचं, मेंढरं माझी. पर चुकलं असंल तर तसं म्हना. शाळू वाळाय लागलाय. पुन्यांदा मेंढरांमागं जायचं, तर आत्ताच जातो."

अण्णांना राग आला नाही. नदीपासून माळाची उंची, पाइपची लांबी, त्याचा व्यास, असे आकडे त्यांनी मनात एकेक करून तपासले. एकही जागचा हलेना. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि धुळाला घेऊन ते निघाले.

नदीकाठच्या पंपघरात वायरमन तानाजी बसला होता. पंप चालू होता.

"पानी हाय की आण्णा. खालच्या रानात धो धो हाय. वरच तेवढं चढंना."

"बंद कर बघू."

मोटार थांबता थांबता फिरत्या दांड्याची, शाफ्टची दिशा डोळ्यांना दिसू लागली. पंपावर रंगवलेला लाल बाण जिकडे दाखवत होता, तिकडेच शाफ्ट फिरत होता. तानाजीने बाणाकडे बोट केले. "बराबर हाय न्हवं?"

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. बाण कोणालाही रंगवता येतो. पंपाचे कवच मात्र शंखाच्या आकाराचे असते, आणि शंख ज्या अंगाने रुंदावत जातो त्याच अंगाने पंप फिरायला हवा. हा नेमका त्याविरुद्ध फिरत होता. त्यांनी लाल रंगावरून बोट फिरवले, तेव्हा खालच्या बिडावर कानशीचे ओरखडे लागले. कारखान्यात ओतलेला मूळ बाण घासून काढला होता.

रिव्हर्स. साताऱ्याच्या तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे ते मोटारींचा धडा याच शब्दापासून सुरू करत. लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे आणि 'वेर्तेरे' म्हणजे वळवणे. पुढे फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि त्याला अर्थांचे फुटवे फुटले. नाण्याची मागची बाजू, गाडीचा मागे नेणारा गिअर, वरच्या कोर्टाने फिरवलेला निकाल, लढाईतली पीछेहाट. "मुळात नुसतं मागं वळवणं," अण्णा मुलांना सांगत. "कोणी वळवलं आणि कशापायी, ते शब्द सांगत नाही. ते आपण शोधायचं." मग तोंडी परीक्षेत त्यांचा ठरलेला प्रश्न येई. मोटारीच्या तीन तारांतल्या दोनांची अदलाबदल झाली आणि पंप उलटा फिरला, तर पाणी नदीत परत जाईल का? बहुतेक मुले हो म्हणत. खरे उत्तर असे की पाणी पुढेच जाते, पण दम गेलेल्या माणसासारखे. सखल भागात पोचते, चढावर नाही. हे न अडखळता सांगणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यांतला एक त्यांचा सख्खा भाचा सम्मेद. आज तो पाणी संस्थेचा अध्यक्ष होता, आणि खालच्या रानात त्याची नवी द्राक्षबाग होती.

अण्णा लाल बाणाकडे पाहत राहिले. टोक निमुळते, आत गच्च भरलेले, लांबी रुंदीच्या बरोबर तिप्पट. ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला ते असाच बाण काढून घेत. दोनास एक आला, तर ते पान फाडून पुन्हा काढायला लावत.

बाहेर मोटारसायकल थांबली आणि सम्मेद आत आला.

"मामा, तुमी कशाला त्रास घेतला? मला फोन करायचा."

"पंप रिव्हर्स फिरतोय, सम्मेद."

"आसं? मग तानाजीचं काम. मागच्या महिन्यात मोटर दुरुस्तीला त्यानंच उचलली हुती. तारा बदलल्या असतील, बाणबी त्यानंच रंगवला असंल."

"आवं अध्यक्ष, देवाशपत!" तानाजी ताडकन उठला. "मी रंगाच्या डब्याला शिवलोबी न्हाई!"

"गप रं. चूक हुतीया माणसाची."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून खडू काढला. निवृत्तीनंतरही तो खिशातून गेला नव्हता. "तानाजी, फरशीवर एक बाण काढ."

तानाजीने एक रेघ ओढली आणि तिला दोन वाकड्या फांद्या काढल्या. कोंबडीचा पाय दिसावा तसे ते दिसले. धुळा हसला.

"आता तू."

"काय मामा, पोरखेळ!" म्हणत सम्मेद उकिडवा बसला. मामा दिशेची परीक्षा घेत आहेत, अशी त्याची समजूत झाली असावी. शंखाकडे एक नजर टाकून त्याने बाण अगदी योग्य दिशेने काढला. सरळ रेघ, निमुळते टोक. मग सवयीने ते टोक त्याने आतून भरून घेतले.

धुळाने फरशीवरचा बाण पाहिला, मग पंपावरचा. शेवटी तो सम्मेदकडे पाहू लागला.

"ह्यो तर त्येचाच जुळा भाऊ की वो, आण्णा."

सम्मेदच्या हातातला खडू मोडला. "मामा, सगळ्यांना पुरंल एवढं पाणी न्हाई. मी आपल्या माणसांचं बघितलं."

"माळावर शब्द मी दिला होता. मी कोणाचा माणूस?"

अण्णांनी मेन स्विच पाडला, स्टार्टरचे झाकण उघडले आणि दोन तारांची अदलाबदल स्वतःच्या हातांनी केली. पंप सुरू होताच त्याचा आवाज भरदार झाला. धुळा माळाकडे धावत सुटला. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"आण्णा, आलं! पाइप हातात धरवंना!"

सम्मेद अजून भिंतीला टेकून उभा होता. "उद्याच्या सभेत हे तू सांगशील," अण्णा म्हणाले. "न सांगितलंस, तर मी सांगेन. तानाजीचं नाव मात्र पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

"आणि आईला काय सांगू?"

अण्णा दारात थांबले. "माझ्या पोराला तुझ्यासारखं शिकव," असे म्हणून त्यांच्या बहिणीने, गुणमालाने, त्याला त्यांच्या हवाली केले होते.

"तिला मीच सांगतो," ते म्हणाले. "शिकवलंय मी."

बाहेर पडताना त्यांनी फरशीवरच्या बाणावर पाय पडू दिला नाही. बाण अचूक होता.