पूसणम

चेन्नईत हिवाळा असतो असं म्हणणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर टोरांटोत बसलेला असतो. शैलाबाईंची मुलगी कीर्ती दुसऱ्या प्रकारात मोडायची. पोरगी इथंच अड्यारला लहानाची मोठी झाली, पण इतकी वर्षं दारातला बर्फ उपसून उपसून इथला डिसेंबर म्हणजे पाऊस, हे पार विसरून गेली.

"आई, बाबांची गाडी हिवाळाभर उघड्यावरच राहणार ना? मग बॅटरी काढून ठेव, काचा घट्ट लाव आणि वरून प्लास्टिकचं कव्हर करकचून बांध. इकडे सगळे तसंच करतात. उन्हाळ्यात मी आले की विकायचं बघू."

शैलाबाई "बरं" म्हणाल्या. वसंतराव गेल्यापासून त्या सगळ्यालाच "बरं" म्हणत होत्या.

गाडी म्हणजे वसंतरावांचं खूळ. सारा जन्म आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यात गेला. गावाचं नाव आवडी, पण नोकरी मात्र नावडीची. निवृत्त झाल्यावर भल्या माणसानं फंडातून काय घ्यावं? दोनच माणसांची, पिवळीधमक, कुणीतरी वापरून विकायला काढलेली जर्मन स्पोर्ट्स कार! इतकी बुटकी की इमारतीखालच्या पार्किंगच्या उतारावर तिचं पोट घासायचं. म्हणून ती कायम बाहेर, कुंपणाच्या भिंतीपाशी, बदामाच्या झाडाखाली. शेजारी हसले, शैलाबाई चिडल्या. पण रविवारी पहाटे समुद्राकाठच्या रस्त्यानं फेरी मारताना शेजारी बसायच्या त्याच, आणि वाटभर नसलेला ब्रेक दाबत "अहो, हळू!" म्हणून ओरडायच्याही त्याच.

खरं भांडण एकाच गोष्टीवरून. वसंतराव डोक्याला माक्याचं तेल थापायचे आणि तेच हात स्टिअरिंगच्या चामड्याला लावायचे.

"अहो, आधी हात पुसा!"

"पुसले की," म्हणायचे, आणि लेंग्यावर हात फिरवल्यासारखं करायचे. कसले पुसतायत!

ऑक्टोबरात एका सकाळी आंघोळीला गेले, ते परत बाहेर आलेच नाहीत. दिवसपाणी झालं, माणसं येऊन गेली, शैलाबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, बाई मोठ्या धीराच्या. कसला आलाय धीर! दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग गालाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं. कॉफीत साखर पडली की मीठ, याचाही त्यांना पत्ता लागत नव्हता.

एकदाच काहीतरी कळलं. गाडीचे कागद काढायला म्हणून त्यांनी दार उघडलं आणि आतून माक्याचा वास आला. छातीत काहीतरी हललं. रडू नव्हे, पण हललं. मग रोज दुपारी त्या काचा बंद करून आपल्या डाव्या सीटवर बसायला लागल्या. आठवड्याभरात लक्षात आलं की वास विरळ होतोय. दार उघडलं की थोडा निसटतो. हा संपला तर आपल्याला परत कधी काही वाटणारच नाही, या विचारानं मात्र त्या मनापासून घाबरल्या.

म्हणून कीर्तीचा सल्ला त्यांना पटला. लोणच्याची बरणी दादरा बांधून ठेवतात, तशी गाडी बांधून ठेवायची. संक्रांतीला उघडायची, वसंतरावांचा वाढदिवस तेव्हाच असायचा. तोवर आतलं आत मुरेल.

नाक्यावरच्या मेकॅनिकनं बॅटरी काढली. शेवटचं म्हणून त्या थोडा वेळ आत बसून आल्या. बाहेर भुरभुर पाऊस होता. चपला ओल्या, पदर ओला. मग काचा घट्ट, दार बंद, वरून प्लास्टिक आणि त्यावर दोरी.

शेजारच्या कनकामामी गॅलरीतून बघत होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. मराठी बोलायच्या, पण जुन्या वळणाची आणि वर तमिळची फोडणी.

"अय्यो, शैलाबाई! अस्कं बंद करूं नका. वारा नाहीं लागला तर आंत पूसणम होईल!"

'अस्कं' म्हणजे सगळं, हे शैलाबाईंना एव्हाना ठाऊक होतं. आणि 'पूसणम'चं काय, मामींच्या तोंडी निम्म्या शब्दांना शेपूट असतं. पुसणं होईल म्हणतायत.

"होईल हो, मामी. बाई येते ना सोमवारी, ती पुसेल."

मामी बघतच राहिल्या. मग हात उडवून आत गेल्या. त्या सरळ तमिळमध्ये बोलल्या असत्या, तर शैलाबाईंनी निदान 'म्हणजे काय' असं विचारलं तरी असतं. मराठीत कोण कुणाला विचारतं?

डिसेंबरभर पाऊस कोसळला. वादळ येऊन गेलं, पाणी फाटकापर्यंत चढलं, उतरलं. कामवाली मोठी इमानी. दर सोमवारी छत्री धरून भर पावसात ते प्लास्टिक पुसत होती. शैलाबाई खिडकीतून तिच्याकडे बघत, आणि त्यांना हसूही येत नव्हतं.

संक्रांतीला लख्ख ऊन पडलं. मामी डब्यातून पोंगलचा गोड भात घेऊन आल्या, त्यांनीच दोरी सोडायला हात लावला. शैलाबाई डाव्या बाजूला गेल्या, किल्लीनं दार उघडलं आणि डोळे मिटून श्वास घेतला.

ओल्या पोत्याचा वास. कुबट, नाकात जाणारा. माका कुठंच नाही.

"गेला," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं.

सीटवर पांढुरकी साय धरली होती. मामींनी कपाळाला हात लावला. "हेंच तें पूसणम! सांगितलें होतें मी."

"तुम्ही पुसणं म्हणालात."

"पुसणं नव्हे हो, पूसणम! हें, हें पांढरं!"

"बुरशी होय," शैलाबाई म्हणाल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी, त्या सायीवरच, बसल्या. जपायला गेले आणि मीच घालवलं, एवढं त्यांना समजलं. पण समजणं वेगळं, वाटणं वेगळं.

मामी उजवीकडचं दार उघडून फडकं घेऊन वाकल्या. "तेल लागतं तिथंच धरतं मेलं. हें बघा."

शैलाबाईंनी बघितलं. स्टिअरिंगचं काळं चामडं बाकी सगळं कोरं होतं. फक्त दोन ठिकाणी बुरशी होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन मुठी. आत वळलेला अंगठाही दिसत होता.

"पुसूं?" मामींनी फडकं पुढं केलं.

शैलाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. दुसरा हात लांब करून त्या डाव्या मुठीवर ठेवला. चामडं थंड होतं, बुरशी मऊ होती, आणि त्यांचा पंजा त्या खुणेत पार हरवून गेला.

"अहो," त्या ओरडल्या, रविवारी ओरडायच्या तशाच, "किती वेळा सांगितलं, आधी हात पुसा म्हणून! ऐकलंत कधी?"

आणि मग त्यांना जे रडू फुटलं, ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मामींनी फडकं कमरेला खोचलं आणि गाडीची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली.