चालू मॅचमधला सत्कार

लातुरात कुठलाही कार्यक्रम पाहुण्यासाठीच असतो. बाकीचे लोक टाळ्या वाजवायला बोलावलेले असतात. मन्मथला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तो दरवर्षी पोरांसाठी व्हिडिओ गेमची स्पर्धा भरवायचा, आणि दरवर्षी खुर्च्या उचलताना ‘आता बास’ म्हणायचा.

या वर्षी शेषेराव आप्पांनी त्यांचं मंगल कार्यालय फुकट दिलं होतं. आप्पा माजी नगरसेवक. त्यांची अट एकच, उद्घाटन माझ्या हातून. उद्घाटन सकाळचं होतं, आप्पा उगवले संध्याकाळी. तोवर लातूर-नांदेडची बहुतेक पोरं हरून आपापल्या गाडीला लागली होती आणि स्टेजवरच्या टीव्हीवर फुटबॉलच्या गेमची फायनल चालू होती.

निलंग्याचा वैजनाथ आणि नांदेडचा राघवेंद्र. जिंकेल तो पुण्याला राज्य स्पर्धेत जाणार. दोन्ही जिल्हे मिळून जागा एकच, आणि नाव सातच्या आत वेबसाइटवर भरायचं. राघवेंद्र अकरावीतला, त्याला अजून वर्षं होती. वैजनाथला नव्हती. एकवीस पूर्ण झाली की खेळता येत नाही, आणि त्याला ती पुढच्या महिन्यात पूर्ण होत होती. बापाशी त्याचं बोलणं झालेलं होतं. पुण्याला गेला तर गेला, न्हाई तर हा नाद सोडायचा आणि निलंग्यात खत-बियाणांच्या दुकानात बसायचं.

वैजनाथ तीन-एकनं पुढं होता. खेळ थोडाच उरला होता. तेवढ्यात दारात फटाक्यांची लड वाजली.

“आप्पा आले! थांबवा रे!” मन्मथ ओरडला.

“दोन मिनिटं, दादा,” वैजनाथनं मान न वळवता सांगितलं. “संपूनच राहिलंय.”

“तवर आप्पांना दारात उभं करू का? पॉज कर. मॅच कुठं पळून चालली न्हाई.”

वैजनाथनं पॉज केलं. टीव्हीवर त्याचा खेळाडू एक पाय उचलून तसाच राहिला.

मग आप्पांचा सत्कार. आप्पांच्या मेहुण्याचा सत्कार. मेहुण्यासोबत गाडीत आलेल्या, नाव कुणालाच माहीत नसलेल्या माणसाचा सत्कार. शेवटी दोन्ही खेळाडूंना फेटे बांधले आणि हातात नारळ दिले. मग आप्पा माइकपुढं उभे राहिले आणि पोरांनी हे गेमचं खूळ सोडून मैदानावर खेळावं, यावर भरपूर बोलले. गेमच्या स्पर्धेत! पोरांनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागतात.

भाषण संपलं. वैजनाथ नारळ बाजूला ठेवून गेमचा रिमोट घ्यायला वळला, तर टीव्ही काळा.

“वायर कुणी काढली?” मन्मथनं विचारलं.

“म्या काढली की, टीव्हीची बी अन् त्या गेमच्या डब्याची बी,” माइकवाला मलप्पा म्हणाला. “स्टेजवर एकच बोर्ड चालू हाय. माइक कशावर लावू?”

“अरे, मॅच चालू होती!”

“कुठं चालू होती? कवापासून बघून राहिलो, माणूस एका पायावर उभा. मला वाटलं बिघडलाय.”

एकजण हसला. वैजनाथ नाही.

“दादा, तीन-एक होतं,” तो म्हणाला. “समद्यांनी बघितलंय.”

“होतं ना,” राघवेंद्र म्हणाला. “मी कुठं नाही म्हणतोय? पण मागच्या वर्षी नांदेडला लाइट गेली, तेव्हा मीपण पुढे होतो. तुम्ही काय म्हणालात, मन्मथदादा? बंद पडलं की शून्यापासून. मी हरलो. तेव्हा मला कुणी विचारलं का?”

नियम मन्मथचाच होता.

एवढ्यात आप्पा मध्ये आले. “भांडता कशाला रे? दोघं बी आपलीच लेकरं. विभागून देऊन टाका!”

“आप्पा, पुण्याला एकालाच घेतात.”

“मग मी फोन लावतो की कुणाला तरी.”

फोन कुणाला, ते आप्पांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दोघांच्या हातात मिळून ट्रॉफी दिली, फोटो काढला आणि गाडीत बसून गेले.

मागोमाग, रात्रीसाठी कार्यालय घेतलेली हळदीची मंडळी आत शिरली. नवरीची मावशी बसम्मा सगळ्यांच्या पुढं.

“हे टीव्ही-बिव्ही उचला आधी. पोरीला बसवायचंय.”

“मावशी, एकच मॅच,” मन्मथनं हात जोडले.

“लेकरांनो, खेळायचं वय हाय का हे?” ती म्हणाली, मग वैजनाथचं तोंड बघून थांबली. “खेळा. पण त्या कोपऱ्यात. अन् हळद उडली तर मला बोलायचं न्हाई.”

खुर्चीवर टीव्ही ठेवला. दोघं जमिनीवर बसले, डोक्यावर फेटे तसेच. मागं डीजेनं आवाज चढवला. मघाशी वैजनाथची बोटं आपोआप चालत होती. आता तो प्रत्येक पासला विचार करत होता. जिंकलेली मॅच पुन्हा जिंकायला माणूस जोर आणणार कुठून? शेवटाला राघवेंद्रनं एक गोल मारला. एकच.

राघवेंद्र ओरडला नाही. त्यानं रिमोट खाली ठेवला. मन्मथनं मोबाइल काढून त्याचं नाव भरलं.

“ट्रॉफी तू ने,” राघवेंद्र म्हणाला.

“काय करू नेऊन? दुकानात खताच्या थैल्यांनाच जागा पुरंना.”

वैजनाथचा फोन वाजला. बापाचा. त्यानं एका कानावर हात दाबला.

“काय झालं रं?” तिकडून बाप विचारत होता.

“विभागून दिलं.”

“म्हंजी पुण्याला जायचं का न्हाई?”

वैजनाथनं फेटा काढून मांडीवर ठेवला.

“किल्ली खुंटीलाच राहू द्या,” तो म्हणाला. “उद्या दुकान मी उघडतो.”