लिओच्या बंदुकीला दुर्बीण

लिओ डॉबिन म्हातारा गेला तेव्हा त्याच्यामागं एक घर, एक होडी आणि एक थ्री-नॉट-थ्री बंदूक राहिली. घराचं आणि होडीचं काय करायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बंदुकीबद्दल मात्र शेवटच्या आठवड्यात दोन्ही मुलींना पलंगाशी बोलावून बजावलं, "बंदूक दोघींची. त्यावरून भांडलात तर मी वरून खाली येईन."

थोरली गर्टी सदुसष्टची आणि विधवा. सगळा जन्म तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला, त्यामुळं घरात दोनच माणसं असली तरी ती दोनशे पोरांना वाढत असल्यासारखी ओरडून बोलायची. धाकटी बर्नडीन बिनलग्नाची. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून ती घरीच होती. तिला सगळे बर्नी म्हणत. वडिलांच्या घरात दोघी एकत्र राहत आणि जेवणापासून झोपेपर्यंत प्रत्येक गोष्टीवरून भांडत. म्हातारा वर गेला तो थोडी शांतता मिळावी म्हणूनच, असं पिंचर्स कोव्ह गावात बरेच जण म्हणत.

त्या वर्षी सरकारी सोडतीत मूसच्या शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी दोघींच्या जोडनावानं लागली. मूस म्हणजे घोड्याहून उंच आणि म्हशीएवढं जड हरीण. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर एक मूस पडला की दोन घरांचा हिवाळा निघतो. दोघींनी लगेच बंदूक काढली, परसातल्या उतारावर रंगाच्या डब्याचं झाकण उभं केलं आणि सराव मांडला.

लिओ जन्मभर नुसत्या माशीवर नेम धरायचा, म्हणजे नळीच्या टोकावरच्या त्या लोखंडी दाण्यावर. गर्टीनं बंदूक खांद्याला लावली. तिला लांबचं लख्ख दिसायचं, खाडीबाहेरून जाणाऱ्या बोटीचं नाव ती वाचून दाखवायची. पण जवळचं काही दिसत नसे. मीठ की साखर ते ती चाखून ठरवायची. तिला झाकण दिसलं, माशी दिसेना. मग बर्नीनं बंदूक घेतली. तिचं सगळं उलटं. तिला माशी अशी स्पष्ट दिसली की तिच्यावरचा गंजसुद्धा मोजता आला असता, पण जाड भिंगांचा चष्मा लावूनही झाकण दिसेना.

"आपण असं करू," गर्टी म्हणाली, "तू माशी बघ, मी झाकण बघते. मी सांगेन तशी नळी फिरव."

"बरं."

"डावीकडं. आणखी डावीकडं. अगं, तुझ्या डावीकडं!"

"माझी आणि तुझी डावी एकच आहे, गर्टी. आपण एकाच बाजूला तोंड करून उभ्या आहोत."

"उलट बोलू नको. मार!"

बर्नीनं चाप ओढला. झाकण जागचं हललं नाही. कोपऱ्यातल्या पावसाच्या पाण्याच्या पिंपाला मात्र भोक पडलं आणि पाण्याची धार खाली ठेवलेल्या धुतल्या चादरींवर पडायला लागली.

"दुर्बीण बसवायला हवी," बर्नी म्हणाली. वर्षभरात गर्टीला तिचं पटलेलं हे पहिलं वाक्य.

बातमी चहा निवायच्या आत गावभर झाली. संध्याकाळी स्किपर, म्हणजे बोटीचा तांडेल, गस सल्ला द्यायला आला. गसनं आयुष्यात बरेच मूस मारले होते, आणि त्याच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एकाखाली एक तीन चंद्रकोरी होत्या. दुर्बिणीला डोळा फार जवळ लावला की बंदुकीच्या झटक्यानं तिची कड कपाळात बसते, त्याच्या त्या खुणा.

"दुर्बिणीतलं मला विचारा," गस तळलेल्या पिठाच्या गोळ्यावर काकवी ओतत म्हणाला. "डोळ्यापासून चार बोटं लांब. हे कधी विसरायचं नाही."

"तू तीनदा विसरलास," गर्टी म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय ना बाई! एकदा विसरलेल्याचा सल्ला कोण घेतं?"

दुसऱ्या दिवशी दोघी अँब्रोजच्या दुकानात गेल्या. धक्क्यावरच्या या दुकानात रंग, खिळे, रबरी बूट, बिस्किटं आणि शोकपत्रं असं सगळं मिळे. अँब्रोज मवाळ माणूस. आपल्या दुकानातल्या मालापैकी कुठलाही माल दुसऱ्याहून वाईट आहे, असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्यानं फळीवर तीन दुर्बिणी मांडल्या. एक छोटी, मेणबत्तीएवढी. एक मधली. आणि एक चांगली लांबरुंद, शेगडीच्या धुराड्यासारखी.

"यातली चांगली कुठली?" बर्नीनं विचारलं.

"तिन्ही चांगल्या."

"मूसला कुठली?"

"मूस कुठल्याही दुर्बिणीतून दिसला तरी तक्रार करत नाही," अँब्रोज म्हणाला.

गर्टीनं धुराडं उचललंच होतं. "मोठं ते मोठं. मला मूसच्या पापण्या दिसल्या पाहिजेत." बर्नीनं मेणबत्ती घेतली. "मोठं घेऊन फिरणार कोण? मान तुटेल." आत अंधार म्हणून सगळे दुर्बिणी घेऊन धक्क्यावर आले. बंदूक घरीच होती. लिओच्या मुली बंदुकीतून माणसांच्या वस्तीकडं बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. खाडी तिथं अरुंद, पलीकडं सिरिल वॉल्शचं घर आणि वाडगं. दोघींनी दुर्बिणी तिकडं लावल्या.

बर्नी दचकली. "अस्वल! पांढरं अस्वल! सिरिलच्या वाडग्यात!"

"सप्टेंबरात?" अँब्रोज म्हणाला. "बर्फावरून येतात ती. आत्ता काय पोहत आलं?"

"चालतंय बघ! गोल पाठ, पांढरं, मागच्या दोन पायांवर!"

"काही अस्वलबिस्वल नाही," गर्टी धुराड्यातून डोळा न काढता ओरडली. "तीळ आहे."

"काय आहे?"

"तीळ. काळा, त्यात एक केस. आता गेला. आता नुसतं पांढरं. आता पुन्हा तीळ आला."

"अस्वलाला तीळ?"

"मी अस्वल म्हटलंच नाही! मी तीळ म्हटलं!"

एव्हाना बिस्किटं घ्यायला आलेली चार माणसंही धक्क्यावर जमली होती. त्यांच्यात अस्वलाच्या बाजूचे आणि तिळाच्या बाजूचे असे दोन तट पडले. शेवटी स्किपर गस पुढं आला. त्यानं मधली दुर्बीण चार बोटं लांब धरली आणि बराच वेळ बघून जाहीर केलं, "तो सिरिल आहे. डोक्यावर न्हाणीचा पांढरा टब उपडा घेऊन चाललाय."

दोन्ही तट भांडण टाकून धक्क्याच्या कडेशी धावले.

कारण सिरिलची पाठ गेली दोन वर्षं धरलेली होती. होड्या ओढायच्या असल्या की त्याची पाठ धरायची, बर्फ उपसायचं असलं की धरायची. लिओला पुरायच्या दिवशी पेटीला खांदा द्यायला सहावा माणूस कमी पडला, तेव्हाही सिरिल चर्चच्या दाराशी खुर्ची टाकून कण्हत बसला होता आणि सहाव्या जागी स्वतः गर्टी उभी राहिली होती. बर्नीला तो दिवस आठवला. काळ्या कोटातली गर्टी, दात घट्ट आवळलेले, खांद्यावर बाबा. बर्नीनं तिच्या हातातून धुराडं काढून घेतलं आणि स्वतः बघितलं. तीळ होता, सिरिलच्याच मानेवरचा. आणि त्याच्यावर अख्खा लोखंडी टब.

"हा टब दोन माणसांना हलत नाही," अँब्रोज हळूच म्हणाला. "मीच विकलाय."

तेवढ्यात सिरिलनं टब खाली ठेवला, घाम पुसला आणि खाडीपलीकडं नजर टाकली. धक्क्यावर आठ-नऊ माणसं ओळीनं उभी, तीन नळ्या त्याच्यावर रोखलेल्या. सिरिलनं तत्काळ हात कमरेवर नेला आणि लंगडायला लागला.

"पाय कशाला लंगडतोय?" गस म्हणाला. "दुखणं तर पाठीचं ना?"

"घाबरल्यावर माणसाला सगळं कुठं आठवतं!" बर्नी म्हणाली, आणि धक्का हसून हलला.

थोड्याच वेळात सिरिल आपली मोटरबोट घेऊन तणतणत आला. "काय बघताय? माझं घर म्हणजे काय सर्कस आहे?"

"आम्ही दुर्बीण निवडतोय," गर्टी म्हणाली. "मूससाठी. तुझी पाठ कशी आहे, सिरिल?"

"पाठ... मधूनमधून बरी असते."

"आत्ता मधून आहे की अधून?"

सिरिलचा चेहरा उकडलेल्या शेवंडासारखा लाल झाला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं गसच्या हातातली दुर्बीण हिसकावली आणि आपल्याच घराकडं बघितलं. बघतच राहिला. वाडग्यात, उन्हात, त्या कोरड्या टबात त्याची बायको मॉली हॅट घालून, पाय पसरून चहा पीत बसली होती. खाडीच्या या काठावर एवढा तमाशा चाललाय याचा तिला गंधही नव्हता.

"किती खूश आहे," सिरिल स्वतःशीच म्हणाला. "मला वाटलं, आता म्हणेल इथं नको, तिथं ठेव."

मग त्यानं दुर्बीण खाली केली आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "लिओच्या वेळी मी यायला हवं होतं. मला मढ्याची भीती वाटते. लहानपणापासून. ते सांगण्यापेक्षा पाठ बरी."

बर्नीला त्याचा राग आला होता तो अर्ध्यात अडकला, पुढंही जाईना आणि मागंही. गर्टीनं घसा साफ केला. "मूस मेलेला असतो, पण तो मढं नसतो. उचलायला येशील?"

"येईन."

"पाठ?"

"पाठीला घेऊन येईन," सिरिल म्हणाला.

दुर्बिणीचा निकाल मात्र अजून लागला नव्हता. गर्टी धुराड्याला सोडेना. शेवटी बर्नीनं तिला दुकानाच्या दारात उभं केलं आणि म्हणाली, "झुडपात मूस कुठवर दिसतो? फार तर इथून अँब्रोजच्या गल्ल्याएवढा लांब. बघ त्याच्याकडं." गर्टीनं बघितलं.

"काय दिसतंय?"

"नाकपुडी." थोड्या वेळानं, "त्यात जंगल."

"तो अँब्रोज नसून मूस असता तर गोळी कुठं घातली असतीस?"

गर्टीनं धुराडं खाली ठेवलं. "मेणबत्ती दे," ती म्हणाली. बर्नीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "पण तिच्यातून मला अंधुक दिसलं तर तुझं डोकं फोडीन," गर्टीनं जोडलं. अँब्रोजनं तिला दाखवलं, मागचं भिंग फिरवलं की ज्याच्या त्याच्या नजरेला जुळतं. गर्टीनं फिरवलं, नेम धरायची आतली फुली लख्ख झाली. बर्नीनं आपल्यासाठी फिरवलं, गर्टीची फुली गेली. दुकानातच पुन्हा जुंपली. शेवटी अँब्रोजनं नेलपॉलिशची बाटली उघडली आणि भिंगाच्या कडेला दोन ठिपके दिले, लाल गर्टीचा, गुलाबी बर्नीचा. बाटलीचे पैसे त्यानं लावले नाहीत, कारण गुलाबी रंग आठ वर्षांत कुणी घेतला नव्हता.

गसनं दुर्बीण बंदुकीवर बसवून दिली आणि सरावाला बसला. पहिल्याच गोळीला गर्टी चार बोटं विसरली. गसला इतका आनंद झाला की त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला पट्टी बांधली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शिकारीच्या तिसऱ्या सकाळी, दलदलीच्या कडेला दोघी ओल्या शेवाळावर पालथ्या पडल्या होत्या. बंदूक बर्नीच्या हातात, कारण काडी ओढून तिची पाळी ठरली होती. गर्टी लांबवर बघत होती. अचानक तिनं बर्नीच्या पाठीत बुक्की घातली. बर्नीनं भिंग गुलाबी ठिपक्यावर नेलं. धुक्यातून झुडपं एकेक करून वर आली, आणि त्यांच्यामधून एक मूस बाहेर पडला. ओला, तपकिरी, शिंगांवर शेवाळाचा एक लोंबता तुकडा.

बर्नीनं आयुष्यात लांबचं काही एवढं स्पष्ट बघितलं नव्हतं. त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. तिला मारवेना. मग तिला वाटलं, बाबांना हे असंच दिसत असेल, रोज, फुकट, नुसत्या डोळ्यांनी. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

मूस दोन पावलं चालला, थांबला, आणि विचार करून बसावं तसा खाली बसला. मग आडवा झाला.

"लागली?" बर्नीनं विचारलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"लागली," गर्टी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "एकदम खांद्यामागं. बाबांनी मारली असती तिथंच."

मूस रस्त्यापासून बराच आत पडला होता. गस, अँब्रोज आणि सिरिल दुपारपर्यंत आले. सिरिलनं मागची एक अख्खी तंगडी पाठीवर घेतली आणि दलदलीतून गुडघाभर चिखल तुडवत निघाला. वाटेत त्यानं पाठ सोडून सगळ्याबद्दल तक्रार केली. बूट, चिखल, गसचं शीळ घालणं, सरकार, मूसची जाडी. दुसऱ्या खेपेला कुणी न सांगता तो पुढं झाला. मॉली रस्त्यावर चहाचा थर्मास घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याला एवढा चिखलात कधी बघितलं नव्हतं. तिनं त्याला तसाच टबात घालायची धमकी दिली.

संध्याकाळी डॉबिनांच्या स्वयंपाकघरात कांद्याचा वास सुटला. वाटे झाले होते, माणसं आपापल्या घरी गेली होती. गर्टीनं मूसचं काळीज कापून लोण्यात परतलं. मीठ घालायला तिनं चुकून साखरेची बरणी पुढं ओढली, आणि ती चाखायच्या आत बर्नीनं बरणी बदलली. गर्टीनं ताटं वाढली. सगळ्यात मोठा तुकडा, जो या घरात आजवर आधी लिओला आणि मग गर्टीलाच मिळत आला होता, तो तिनं बर्नीच्या ताटात टाकला.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."