डाव्या हाताची मांडणी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी महिपतकाकांनी छापखान्यातलं एकूण एक यंत्र स्वतःच्या हाताने पुसलं. ट्रेडल या छपाईयंत्राचं चाक रॉकेलने, कटिंग मशीनचं पातं तेलाच्या बोळ्याने, कुणी वापरत नसलेल्या, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या ओल्या फडक्याने. गेली दोन वर्षं पूजा झालीच नव्हती. एकुलता एक मुलगा विनीत कावीळ होऊन आठ दिवसांत गेला, आणि त्यानंतर त्याच्या आईने, यमुनाबाईंनी, घरात झेंडूचं फूल येऊ दिलं नव्हतं. यंदा काकाच म्हणाले, आपलं नशीब फुटकं, यंत्रांनी काय पाप केलंय?

पुसता पुसता त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. वरून तो चकचकीत झाला होता, पण आतून काय? चिपळूणच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण होता. त्याला बोलावून काका म्हणाले, "आतबाहेर लख्ख कर. सगळी यंत्रं न्हाली, हाच एक पारोसा नको." त्या भल्या माणसाने पत्रिका, कॅलेंडरं, पावतीपुस्तकं, होतं नव्हतं ते सगळं सीडीवर घेतलं, आतली पाटी कोरी केली, विंडोज आणि पत्रिकांची चित्रं काढायचं कोरल नव्याने घातलं आणि सगळ्या फायली परत जागच्या जागी ठेवल्या. एकही फाइल हरवली नाही. काका खूश झाले. देवाच्या नावाने माणूस जे करतो त्यात काही बिघडेल असं त्याला वाटत नाही, आणि बिघडतं तेही नेमकं तिथंच.

कॉम्प्युटरवर बसणारा तहा परकार त्या दिवशी सासुरवाडीला अंजनवेलला गेला होता. पूजेला तो आला, तेव्हा मॉनिटरला हळदकुंकू लागलेलं होतं आणि माऊसला झेंडूची माळ. काकांनी सगळ्यांच्या उजव्या हातावर पेढा ठेवला. तहापुढे आले तेव्हा नेहमीप्रमाणे क्षणभर घुटमळले आणि पेढा कागदावर ठेवून तो कागद टेबलावर सरकवला. तहाच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा होता. आणि प्रसाद काही डाव्या हातात द्यायचा नसतो. तहाला याचं वाईट वाटत नसे. त्याच्या घरीही डाव्या हाताने जेवलेलं चालायचं नाही, पण त्याची आई म्हणाली होती, अल्लाला ठाऊक आहे तुझी बोटं कुठे गेली ती.

बोटं दाभोळच्या समुद्रात गेली होती. लाँचवर जाळं ओढताना दोर हाताभोवती आवळला आणि चार बोटं घेऊन गेला. काकांनी त्याला काउंटरवर बसायला ठेवला, पावत्या फाडायला, गिऱ्हाइकांना बसा म्हणायला. लोक त्याला बोटं गेलेला तहा म्हणत. नावासारखं म्हणत, वाईट मनाने नव्हे. पण रोज ऐकणाऱ्याला त्यातला फरक फारसा कळत नाही.

विनीतनेच त्याला तिथून उठवलं. "तहाभाई, तुमची नजर चांगली हाय, पत्रिकेत काय वाकडं झालं ते तुम्हाला आधी दिसतं. तुम्ही कॉम्प्युटरवर बसा." तहा हसला होता. कोरलमध्ये चित्र काढायचं तर एका हातात माऊस लागतो आणि दुसऱ्या हाताने दोन दोन, तीन तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. एका अंगठ्याने काय दाबणार? विनीत म्हणाला, मग कोरललाच तुमच्यासारखं करू.

तो अख्खा पावसाळा दोघे विनीतच्या घरच्या कॉम्प्युटरपुढे बसले. माऊस डावीकडे आला. नेहमी लागणारी प्रत्येक आज्ञा विनीतने एकेका कळीवर आणून ठेवली, उजव्या अंगठ्याला सहज पोचेल अशी. हत्यारांची चित्रं मोठी केली, डाव्या हाताला सोयीची पडतील अशी एका बाजूला गोळा केली, नको ती काढून टाकली. वर काही छोट्या करामती स्वतः लिहून बसवल्या. एक कळ दाबली की पत्रिकेची चौकट, दोन्हीकडची नावं आणि खालची वेल आपापल्या जागी जाऊन बसायची. छापखान्यात सगळे याला मांडणी म्हणायचे. पुढे विनीतने ती दुकानातल्या यंत्रावर नेली, आणि चिपळुणातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळे निकाह तहाच्या डाव्या हातातून पार पडू लागले. लोक सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हणतात. त्यांनी एकदा डाव्या हाताने कात्री धरून बघावी. पण तहाला ते साधलं, आणि लोक त्याला पत्रिकावाला तहा म्हणायला लागले.

दसरा झाला, दुकान उघडलं. तहाने माऊस डावीकडे घेतला आणि कोरल चालू केलं. मांडणी गेली होती. पडद्यावर बारीक बारीक हत्यारं चारी बाजूंना सांडलेली, जशी कंपनी सगळ्या जगाला देते तशी. सवयीने त्याने अंगठा एका कळीवर टेकवला. पानावर नुसतं एक अक्षर उमटलं.

टायपिंग करणारी राही शेजारी बसायची. तिने सीडी उलटीपालटी करून पाहिली. त्यात सगळं होतं, मांडणी नव्हती. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, ती कोरलच्या पोटात असते, फायलींबरोबर येत नाही, आणि सांगितल्याशिवाय मी कसा ठेवणार? खरंच होतं त्याचं. मग दोघांनी ती नव्याने उभी करायचा खटाटोप केला. कुठली आज्ञा कुठे होती हे तहाला तोंडाने सांगता येईना. ते अंगठ्याला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. तो डोळे मिटून काम करत असल्यासारखा हात चालवायचा, अंगठा जिथे पडेल तिथे राही ती आज्ञा बसवायची. थोडं जमलं. पण विनीतच्या करामती विनीतबरोबर गेल्या होत्या, आणि त्यांच्यावाचून बाकीची मांडणी लंगडीच राहत होती.

"काकांना सांगा ना," राही म्हणाली.

"काय सांगू? विनीतच्या हातचं दुकानात एवढंच उरलं होतं नि ते तुम्ही पूजेसाठी पुसून टाकलंत, असं?"

राहीने सीडी पाकिटात परत घातली.

दिवाळी तोंडावर आली. कॅलेंडरांची कामं आली, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका आल्या. जे काम तहा जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचा ते संध्याकाळपर्यंत चालायचं. एका पत्रिकेत वधूवरांच्या नावांवर वेल चढली आणि तशीच छापली गेली. वधूचा बाप दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेला. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तहाला बाजूला बोलावलं.

"तहा, तुझं मन लागत नाय हल्ली. मी काय विचारत नाय. तू थोडे दिवस काउंटरला बस, कॉम्प्युटर राही बघेल. पगार तोच."

काका रागावले असते तर तहाने भांडण केलं असतं. ही माया होती, आणि मायेशी भांडता येत नाही. तो पुन्हा पावत्या फाडायला बसला. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने आत डोकावून विचारलं, तो बोटं गेलेला तहा आहे काय रे इथे? तहाने वर न बघता पावती फाडली.

दोन दिवस गेले. मग राही म्हणाली, "तहाभाई, विनीतदादाने मांडणी आधी घरच्या कॉम्प्युटरवर केली होती ना? मग तिथे असेल की अजून."

हे तहाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर त्याला झोप नव्हती. तो कॉम्प्युटर विनीत गेल्यापासून कुणी चालू केला नव्हता. यमुनाबाईंनी त्याच्यावर भरतकामाचं आच्छादन घातलं होतं, रोज त्या ते झटकायच्या आणि परत घालायच्या. तिथे हात घालायचा तर काकांना सगळं सांगणं आलं.

शेवटी त्याने सांगितलं. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काका कागदाची रिमं मोजत होते. तहाने काही वगळलं नाही. काका रिमावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"म्हणजे मी पुसलं," ते म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक होतं, काका?"

"ठाऊक नसलं म्हणून काय पुसलेलं परत येतं?" त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चल घरी."

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हात नाय लावायचा त्याला."

"अगो, तहाच्या पोटाचा प्रश्न हाय."

"आणि चालू केलात नि नाय झाला तर? बंद हाय तोवर मला वाटतं, आत सगळं हाय. त्याने ठेवलं तसं हाय. तेवढं पण काढून घ्याल काय?"

काका दोन पावलं मागे सरले. तहाला आपलीच लाज वाटली. एका आईच्या दारात तो आपल्या खुर्चीसाठी उभा होता. "राहू दे, काकू," तो म्हणाला. "मी काउंटरला बसेन. काय वाईट नाय त्यात." आणि तो मनापासून बोलत होता. चपला घालायला तो वाकला, डाव्या हाताने पट्टा ओढू लागला, उजवा अंगठा टाचेशी अडकला.

यमुनाबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी वळून स्वतःच आच्छादन काढलं.

कॉम्प्युटर घरघरला. मध्येच अडला, त्याचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन पडलं होतं. तहाने कळ दाबली तसा पुढे चालू लागला. यमुनाबाई पडद्याजवळ आल्या. तहाचा हात माऊसकडे गेला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो सरकवावा लागला नाही. माऊस डावीकडेच होता. आच्छादन रोज झटकणाऱ्या आईने तो जागेवरून हलवला नव्हता.

कोरल उघडलं. मोठी मोठी हत्यारं, डाव्या हाताला सोयीची, एका बाजूला गोळा केलेली. तहाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. त्याने अंगठा कळीवर ठेवला. चौकट, नावं, वेल, सगळं जागच्या जागी जाऊन बसलं. मांडण्यांच्या यादीत दोन नावं होती, एक कंपनीचं आणि एक तहाभाई. खूण तहाभाईपुढे होती.

"काका, पण हे असं कसं?" तो म्हणाला. "दुकानात नेल्यावर त्याने इथे आपलं नेहमीचं परत लावलं असेल, असं मला वाटलं होतं. तो तर उजव्या हाताचा. आणि या मांडणीवरची तारीख तर पार त्याच्या शेवटच्या महिन्यातली हाय."

काका माऊसकडे बघत होते. "डाव्या हाताने धरायचा तो," ते सावकाश म्हणाले. "मी ओरडायचो. बोलायचो, मेल्या, देवाने धड हात दिलाय, डावखुऱ्यासारखं काय करतोस, लक्ष्मी रुसेल. तो नुसता हसायचा."

"उजव्या हाताची चार बोटं मुडपून, अंगठा तेवढा बाहेर ठेवून बसायचा," यमुनाबाई म्हणाल्या. "मी विचारलं तर मला बोलला, आई, तहाभाई कुठे अडतात ते मला उजव्या हाताने कसं कळेल? त्यांच्यासारखं बसलो की कळतं. मग तिथली कळ बदलतो. शेवटपर्यंत काय ना काय बदलत होता."

 तहाला आठवलं, विनीत मधूनमधून फ्लॉपी घेऊन दुकानात यायचा, दोन कळा इकडच्या तिकडे करायचा आणि म्हणायचा, बघा आता हलकं वाटतं का. आणि खरंच वाटायचं. त्याला हे कसं कळतं, हे तहाने कधी विचारलं नव्हतं.

त्याने मांडणी फ्लॉपीवर घेतली. मग आणखी एका फ्लॉपीवर घेतली आणि ती यमुनाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदरात धरली.

"ऊठ जरा," काका म्हणाले.

तहा उठला. काका त्या खुर्चीत बसले. उजव्या हाताची चार बोटं त्यांनी मुडपून घेतली आणि डावा हात माऊसवर टेकवला. पडद्यावरचा बाण थरथरला, भलतीकडेच गेला, कोपऱ्यात जाऊन अडकला. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. जन्मभर बारीक खिळे जुळवलेल्या माणसाला एक बाण सरळ नेता येईना.

"नाय जमत रे," ते म्हणाले, आणि विनीत गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

"जमतं, काका. वेळ लागतो," तहा म्हणाला. त्याने आपला डावा हात त्यांच्या डाव्या हातावर ठेवला आणि बाण कोपऱ्यातून हळूहळू मध्ये आणला.