पर्थच्या तिकिटाचे छत्तीस हजार पॉइंट

ही गोष्ट २००९ सालच्या नाताळची आहे. मित्रांनो, तेव्हा मी तीन वर्षांचे होते, आणि माझ्या जातीत तीन वर्षे म्हणजे चांगलेच पोक्त वय. मी बँकेचे एक कार्ड आहे. आता जुने झाले आहे. अंगावरचा निळा रंग कोपऱ्यांना पांढरा पडला आहे, आणि पोटावरच्या सोळा आकड्यांपैकी शेवटचे चार बोटांनी घासून सपाट झाले आहेत.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या मोठ्या तक्त्यातून आम्हा भावंडांना कापून काढले, पाठीवर काळी पट्टी चढवली, अंगावर नाव उठवले. माझ्या अंगावर आले एन. एम. पायबस. मग पाकिटात घालून टपालाने समुद्रापलीकडे टास्मानियात पाठवले. तिथे उत्तर किनाऱ्यावर पेंग्विन नावाचे गाव आहे. त्या गावात नोरीन पायबसने मला पाकिटातून काढले, चष्मा लावून मागचे पुढचे सगळे वाचले आणि तपकिरी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. तिथेच माझा संसार सुरू झाला.

नोरीनने तीस वर्षे शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना सँडविच करून घातले होते. तिचा नवरा केल्विन बटाट्याचे ट्रक चालवायचा. मी आले तेव्हा दोघेही पेन्शनवर होती. तो दुपारी बोल्स क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायला जाई आणि ती घर बघे. माझ्यावर एक डॉलर खर्च केला की विमान कंपनीच्या खात्यात एक पॉइंट जमे. खाते दोघांच्या नावावर होते, पण लक्ष तिचे एकटीचे.

तिचा एक नियम होता. जे घ्यायचे नाही ते पॉइंटासाठी घ्यायचे नाही. जे घ्यायचेच आहे ते मात्र माझ्यावरच. आणि वर्षात घ्यायचेच असते असे सगळ्यात मोठे काय? नाताळ. पायबसांच्या घरी जेवायला एकोणीस माणसे. दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे. या सगळ्यांची खरेदी नोरीन करी आणि ते तिला रोख देत. ऑक्टोबरपासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिचे बेत सुरू होत. सुपरमार्केटात ज्या आठवड्यात गिफ्ट कार्डांवर तिप्पट पॉइंट, त्या आठवड्यात ती माझ्यावर गिफ्ट कार्डे घेऊन ठेवी आणि डिसेंबरचा बाजार त्या कार्डांवर करी. गुरुवारी जमलेली रोकड घेऊन बँकेत जाई आणि माझी पाटी कोरी करून येई. माझ्यावर व्याजाचा एक सेंटसुद्धा तिने कधी चढू दिला नाही.

"आई, पोरीला सायकल घ्यायचीय," थोरला मुलगा डॅरिल म्हणायचा. "परवानगी आहे ना?"

"तेवीस तारखेपर्यंत थांब. तिप्पट आहेत."

"तिचा वाढदिवस एकोणीसला आहे."

"मग तोवर तिला सायकलचं चित्र दाखव."

एक हॅम तेवढे माझ्या वाट्याला येत नसे. ते ट्रेवर हिंग्स्टन खाटकाकडून यायचे, आणि ट्रेवरकडे मला घासायचे मशीनच नव्हते. सुपरमार्केटात घेतले तर शंभरावर पॉइंट मिळतील, असे केल्विनने एकदा सुचवून पाहिले.

"ट्रेवर सहा दिवस धुरात ठेवतो हॅम," नोरीन म्हणाली. "काहीतरी सोडून द्यायला पण जमलं पाहिजे माणसाला."

कशासाठी एवढे जमवतेस, असे कुणी विचारले तर ती म्हणे, "जमतायत म्हणून." मला मात्र ठाऊक होते. एकदा मला हातात धरून तिने विमान कंपनीला फोन केला होता आणि हळू आवाजात विचारले होते की पर्थला जाऊन यायला किती लागतात. छत्तीस हजार, असे उत्तर आले होते.

पर्थ म्हणजे देशाचे दुसरे टोक. तिथे तिची मोठी बहीण ॲव्हिस राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा ॲव्हिसनेच नोरीनला न्हाऊमाखू घालून वाढवले होते. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षे झाली होती. आता ॲव्हिसची नजर मधल्या भागात विझत चालली होती. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याला डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. ॲव्हिस फोनवर एकदाच म्हणाली, "तुझं तोंड बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." आणि लगेच, "टोमॅटो कसे आलेत यंदा?"

त्या घराण्याची रीतच तशी होती. कुणाकडे काही मागायचे नाही, आणि दुसऱ्याला अडचण वाटेल असे बोलायचे नाही. आधी सांगून ठेवले आणि जमले नाही, तर ॲव्हिस वाट बघत बसेल म्हणून नोरीनने तिलाही काही सांगितले नव्हते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ॲव्हिसचा फोन ठरलेला असे. त्या फोनवर सांगायचे, असे तिने मनात पक्के केले होते. अठरा डिसेंबरला हिशोबाने छत्तीस हजार भरले, तेव्हा तिने कॅलेंडरवर सव्वीस तारखेभोवती पेन्सिलने बारीक गोल काढला.

पण हिशोब कॅलेंडरवरचा होता. खात्यात काय चालले आहे ते तिला माहीत नव्हते, आणि मला माहीत असून मी गप्प होते. कार्डाला वाचा नसते, मित्रांनो.

झाले होते असे. पायबसांकडे नाताळला प्रत्येकाने सगळ्यांना भेट द्यायची नाही. टोपीत एकोणीस चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या हाती जे नाव येईल त्याला एक भेट, आणि ती वीस डॉलरच्या आत. एका वर्षी एका सुनेने महागडे अत्तर आणले आणि बाकीच्यांच्या मोज्यांची लाज झाली, तेव्हापासून नोरीनने हा नियम केला होता. त्या वर्षी केल्विनच्या हाती त्याच्या बायकोचेच नाव आले. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर वीस डॉलरमध्ये बायकोला काय द्यायचे, हा त्याला घोर लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्याने पर्समधून मला काढले, फोन कानाला लावला आणि माझे सोळा आकडे एकेक करून वाचले. ते बिचारे माझेच आकडे.

नाताळच्या दिवशी व्हरांड्यात टेबले जोडली होती. गार हॅम, कोळंबी, बटाट्याचे सॅलड, डोक्यावर कागदी मुकुट आणि ताटांवर माश्या. भेटी उघडायची वेळ आली तेव्हा केल्विनने दोघांच्या मदतीने एक खोके उचलून आणले. आत केकचे मिश्रण फेटायचे मोठे यंत्र होते, सायीच्या रंगाचे. नोरीनने आयुष्यभर लाकडी डावाने फेटले होते.

"केल्विन, नियम काय आहे?" ती म्हणाली.

"वीस डॉलर. मी किती खर्च केले विचार."

"किती?"

"शून्य. पॉइंटावर घेतलंय."

सगळे हसले. "बाबा, वकिली सोडून बटाटे काय वाहत बसलास?" डॅरिल म्हणाला.

नोरीनचा हात खोक्याच्या झाकणावरच राहिला. "किती लागले?"

"एकतीस हजार. तरी पाच उरलेत बघ."

"छान आहे," ती म्हणाली. "रंगपण छान आहे." डोक्यावरचा मुकुट तिने सरळ केला आणि पावलोवा, म्हणजे वर क्रीम घातलेला गोड पदार्थ, आणायला आत गेली. क्रीम थोडे बसले होते, ते तिने सुरीने सारखे करून बाहेर आणले.

दुसऱ्या दिवशी ॲव्हिसचा फोन आला. बोलणे टोमॅटोचे झाले, हॅमचे झाले, कोण कोण आले होते त्याचे झाले. फोन ठेवल्यावर नोरीन खोडरबर शोधू लागली. केल्विन क्रिकेट बघत होता. त्याने आवाज बारीक केला.

"काय पुसतेयस?"

"गोल."

"कसला गोल?"

"पर्थचा."

तो उठून आला आणि कॅलेंडरपुढे उभा राहिला. पेन्सिलचा वण अजून दिसत होता. ॲव्हिसच्या डोळ्यांचे त्याला माहीत होते. आता राहिलेले कळले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझी लाडकी होडी विकायला निघाला असतास."

"निघालोच असतो."

"म्हणूनच."

त्याने विमान कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने फार नम्रपणे सांगितले की वस्तू पोचली की पॉइंट परत येत नाहीत. त्याने तीनदा विचारले, तिने तीनदा तितक्याच नम्रपणे सांगितले. मुलांना कळले तेव्हा ती सगळी पैसे घेऊन आली. नोरीनने घेतले नाहीत. "तुमच्या घरांचे हप्ते आहेत," ती म्हणाली. "आणि केल्विन, तू होडी विकलीस तर मी विमानात पाय ठेवणार नाही." तिथे तिचे चुकले, असे मला वाटते. तेव्हा कुणीही तसे म्हटले नाही. तीही त्या घराची रीत.

मग केल्विनने आपल्या घराण्यात कुणी न केलेली गोष्ट केली. बोल्स क्लबात जाऊन त्याने झाला प्रकार सगळ्यांना सांगितला.

पुढच्या वर्षी माझ्याइतके कुणी राबले नसेल. क्लबाचा चहा आणि साखर माझ्यावर आली. ईस्टरची अंडी माझ्यावर आली. सुट्टीत कुटुंबच्या कुटुंबे समुद्राकाठी मुक्कामाला जात, त्यांची जागा नोरीन राखून ठेवी आणि ते तिला रोख देत. "नोरीन, उद्या टायर घ्यायचेत, येतेस का?" असे कुणीतरी कुंपणावरून विचारायचे, आणि ती टायरच्या दुकानात पर्स घेऊन उभी राहायची. लोकांचे घेणे ठरलेलेच असे, फक्त ते माझ्यावाटे होई. एक दिवस ट्रेवर हिंग्स्टन म्हणाला, "मिसेस पायबस, मशीन बसवलंय. धूर मात्र तोच आहे." त्या वर्षी लोक मला नावाने विचारत. पर्समधून काढले की म्हणत, आलं का आपलं कार्ड. मी थोडे फुशारलेही होते, खोटे कशाला सांगू.

पण डोळ्यांना पॉइंटांची वाट बघता येत नाही. ऑगस्टात ॲव्हिसचा फोन आला. "टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला आता तोंड नाही," ती म्हणाली. "केस आहेत, खांदे आहेत. मधे काही नाही." आणि मग टोमॅटोंचे विचारले, तेव्हा टोमॅटोंचा मोसमसुद्धा नव्हता.

नाताळची खरेदी संपली तेव्हा पुन्हा छत्तीस हजार भरले. एकाच तिकिटापुरते होते. २०११च्या फेब्रुवारीत नोरीन एकटीच विमानात बसली. मेलबर्नला विमान बदलायचे होते. तोवर तिने पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

ॲव्हिस दारातच खुर्ची टाकून बसली होती. नोरीन समोर जाऊन उभी राहिली, आणि ॲव्हिसने मान फिरवून तोंड रस्त्याकडे केले. नोरीन थांबली. तिला वाटले, उशीर केला म्हणून बहीण रागावली.

"ॲव्हिस, मी आलेय गं."

"कळलं. बोलू नकोस, उभी राहा."

"रागावलीस?"

"वेडी का तू? सरळ बघितलं की तुझ्या तोंडावर काळा डाग येतो. त्या खांबाकडे बघितलं की कडेनं दिसतेस. जरा इकडे सरक. अजून. हं." ॲव्हिस बराच वेळ खांबाकडे बघत राहिली. "म्हातारी झालीस," ती म्हणाली. "हनुवटी आईवर गेलीय. आधी नव्हती."

नोरीन अकरा दिवस राहिली. जेवताना, चहा पिताना ती बहिणीसमोर बसली नाही. उजव्या कडेला, थोडी मागे, जिथून दिसते तिथे खुर्ची ओढून बसली. चौथ्या दिवशी ॲव्हिस खांबाकडे बघत म्हणाली, "मी ये म्हणाले असते तर आली असतीस ना?"

"त्याच दिवशी आले असते."

"मग आपण दोघी मूर्खच," ॲव्हिस म्हणाली आणि दुसरा चहा मागितला.

त्याच वर्षी माझी मुदत संपली. मुदत संपलेले कार्ड कात्रीने कापून टाकतात. नोरीनने मला कापले नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही साठवाल. जरूर साठवा, नीट बेत करून साठवा. फक्त कुणासाठी साठवता ते घरात एकदा बोलून ठेवा, आणि ज्याच्यासाठी साठवता त्यालाही कळू द्या.

ॲव्हिस त्यानंतर पाच वर्षे जगली. नोरीन आणखी दोनदा जाऊन आली, आणि दुसऱ्या खेपेला मुलांनी दिलेले तिकीट तिने मुकाट्याने घेतले. केल्विन २०१४ साली क्लबाच्या हिरवळीवरच बसल्या बसल्या गेला. ट्रेवरच्या दुकानात आता कॉफी मिळते, हॅम नाही. डॅरिल पेन्शनवर गेला आणि चिठ्ठ्यांची टोपी आता त्याच्या घरी असते. सायकलवाली नात टीगन दूर उत्तरेला डार्विन शहरात परिचारिका आहे, आणि मी तिच्या टेबलाच्या खणात असते. आजीने मला तिच्याकडे दिले आहे.

नोरीन आता शेजारच्या गावात वृद्धाश्रमात राहते. दर रविवारी टीगनला फोन करते. टोमॅटोंचे काही विचारत नाही. "कधी येतेस?" एवढेच विचारते, आणि तारीख सांगितल्याशिवाय फोन ठेवू देत नाही.