पदराखाली मोजलेली बोटं

बाहत्तरच्या दुष्काळात सगळ्या घोडेगावची पोटं खपाटीला गेली आणि मनकर्णाचं तेवढं वाढत चाललं. लोकांना काय, निमित्तच हवं! खडी फोडायच्या कामावर शेजारची झुंबरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, हिच्या घरात दाण्याची पोती लपवलेली असणार. बिचारीने एक वेळची भाकरी सोडली. तरी पोट उतरेना, उलट चालताना धाप लागू लागली.

अखेर नवऱ्याने, सहादेवने, तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ही चरबी नव्हे, पोटात मोठी गाठ आहे. ऑपरेशन करून काढावी लागेल.

झालं! आता जो तो शहाणा. झुंबरबाई म्हणे, पोट फाडलेली बाई पुन्हा उठत नाही. दीर म्हणे, अंगारा लावा. सहादेव सकाळी हो म्हणे, संध्याकाळी नको. कुणाचं खरं धरावं, मनकर्णाला कळेना. दोन लहान पोरींकडे पाहिलं की तिला ऑपरेशनचं भय वाटे, आणि न करण्याचंही.

सहादेव बैलबाजारातला दलाल. तिथे तोंडाने बोललेली किंमत चारचौघांसाठी. खरी किंमत रुमालाखाली बोटं धरून सांगायची. आठवड्याने पुन्हा दवाखान्यात गेल्यावर मनकर्णाने डॉक्टरीणबाईंच्या हातावर आपला पदर टाकला.

"बाई, तोंडानं समदेच सांगत्यात. तुमी बोटावर खरं सांगा. शंभरात किती बाया दगावत्यात?"

सहादेवने ओशाळून खूण समजावली: एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. बाई हसल्या नाहीत. पदराखाली त्यांनी तिची दोन बोटं धरली.

"आन् न्हाई कापलं तर?"

बाईंनी सगळा पंजा धरला. सोडला, पुन्हा धरला. पुन्हा, आणि पुन्हा. मनकर्णाने मोजायचं सोडून दिलं.

"धोका आहे, मी लपवणार नाही," बाई म्हणाल्या. "भीती वाटण्यात चूक नाही. पण ज्यांनी ऑपरेशन कधी पाहिलंच नाही, त्यांच्या भीतीवर आपला जीव सोपवू नये."

सहादेव संमतीच्या कागदापुढे घुटमळला. मनकर्णाने शाईची डबी आपल्याकडे ओढली.

"अंगठा म्या देते. पोट माजं हाय!"

गाठ अकरा किलोंची निघाली. मनकर्णा महिन्याने आपल्या पायांनी घरात आली.

वाचकहो, दुसऱ्याच्या अंगाकडे पाहून त्याच्या घरातले दाणे मोजू नयेत, आणि दुखण्याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडू नये. जाणत्याला विचारावं, आणि जाणत्यानेही खरं सांगावं.

चार दिवसांनी झुंबरबाई आली. दार लोटून घेऊन मनकर्णाजवळ बसली. मग हळूच म्हणाली, "माजंबी एक दुखनं हाय गं, लई वर्सांचं. मला त्या बाईंकडं नेशील?"

मनकर्णाने तिचा हात धरला.