फौजदारांना अटक

फौजदारांना स्वतःचं असं एकही वाक्य नाही, असं नाटक कंपनीत सगळे म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. उभी हयात त्यांनी रंगमंचावर पोलीस अधिकारीच रंगवले. ताडमाड उंची, भरघोस मिशी, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूस दचकून उठायचा आणि आपले खिसे चाचपायचा. म्हणून नाव पडलं फौजदार. पाठांतराच्या नावानं मात्र आनंदीआनंद होता. दर चार वाक्यांनी गाडी अडायची, मग फौजदार भुवई चढवून डावीकडे रोखून बघायचे. प्रेक्षक म्हणायचे, काय जरब आहे बघा. जरब कसली, डावीकडे विंगेत मिणमिणत्या दिव्याखाली त्यांची बायको संहिता मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि ती पुढचं वाक्य पुरवायची.

तिला कंपनी विंगबाई म्हणे. बाईंची कुजबुज म्हणजे एक कसब होतं. फौजदारांच्या कानात नेमकी पोचायची आणि पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. आणि बाईंचा एक नियम होता, प्रॉम्प्टरनं प्रेक्षकांसमोर यायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. आभाळ नाही, पण एकदा ऐन प्रयोगात नेपथ्यातली भिंत कलली होती. बाईंनी ती मागून पाठीनं तोलून धरली आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत सबंध प्रवेश सांगितला. पुढे काही आल्या नाहीत.

कंपनी बंद पडली, सवय राहिली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठली दाढ दुखते?" तर फौजदार तोंड उघडं ठेवून डावीकडे बघायचे. बाई म्हणायच्या, "खालची. उजवीकडची." आणि फौजदार धीरगंभीर आवाजात डॉक्टरांना सांगायचे, "खालची, उजवीकडची."

जन्म गेला बिऱ्हाडं बदलण्यात. आणि प्रत्येक घरमालकाची एक अट ठरलेली, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे फौजदारांचा गणवेशातला मोठा फोटो घरोघर जमिनीवरच भिंतीला टेकून उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या लाथा खात आला. आता मात्र घरमालकानं हेच घर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी, त्यांनाच विकायचं कबूल केलं होतं. आयुष्यभराची पुंजी मोडून, जोडून, सगळी एका खात्यात आणून ठेवली होती. सोमवारी ती दिली की घर आपलं. फौजदारांनी खिळा आणि हातोडी आधीच आणून ठेवली होती. रोज सकाळी भिंतीवर पेन्सिलीनं एक फुली मारायचे आणि खोडायचे.

मुलगी परगावी होती. तिला या खात्याची भारी काळजी. दर फोनला तिचं एकच पालुपद, "बाबा, कुणी फोनवर घाबरवलं, घाई केली, कुणाला सांगू नका म्हणालं, की फोन ठेवायचा. आणि आधी आईला सांगायचं."

"मला कोण घाबरवणार?" फौजदार म्हणायचे. "आजवर मीच लोकांना घाबरवत आलोय."

त्या दिवशी सकाळी बाई गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आल्या, तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून फौजदारांचा आवाज. पण हा आवाज नेहमीचा नव्हता. पडेल, ओला, अजिजीचा होता.

"साहेब, माझा यात काही संबंध नाही हो."

बाई दाराच्या फटीशी थांबल्या. टेबलावर साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवलेला होता. त्यात एक गणवेशातला माणूस होता, मागे निळा पडदा. फौजदार समोर पाठ ताठ करून बसलेले.

"तुमच्या नावानं पार्सल पकडलंय," तो माणूस म्हणत होता. "आत काय आहे ते सांगायला मलाच लाज वाटते. तुम्हाला फोनवरच अटक झालेली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही."

बाईंचा चेहरा उजळला. म्हणजे काम मिळालं तर! हल्ली तालमी फोनवरही घेतात, हे त्यांनी ऐकलं होतं. आणि भूमिका आरोपीची! फौजदारांना आयुष्यात कधी कुणी आरोपीची भूमिका दिली नव्हती, आणि त्यांना ती किती हवी होती ते बाईंनाच ठाऊक होतं. आपल्याला आधी सांगितलं नाही, म्हणजे चकित करायचा बेत असणार. बाई दाराआड, आपल्या हक्काच्या डाव्या बाजूला, कौतुकानं उभ्या राहिल्या.

समोरच्या नटाचं काम मात्र त्यांना पसंत पडलं नाही. बोलताना डोळे सारखे बाजूला. त्याच्या मागे कुणीतरी वाक्यं सांगत होतं आणि ती चक्क इथवर ऐकू येत होती. शिकाऊ प्रॉम्प्टर दिसतोय, बाई मनात म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं सांगतात का कुणी.

"गुन्हा कबूल आहे की नाही?" गणवेशवाल्यानं विचारलं.

फौजदार अडले. सवयीनं नजर डावीकडे गेली. आणि बाईंनी, संहिता हातात नसताना, प्रसंगाला शोभेल असं वाक्य सोडलं, "चूक झाली साहेब, पण मला सोडवा."

"चूक झाली साहेब," फौजदार म्हणाले, "पण मला सोडवा."

गणवेशवाल्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सोडवतो ना. म्हणून तर फोन केला. तुम्ही मघाशी सांगितलेत ते घरासाठीचे पैसे, ते तपासावे लागतील. मी खाते क्रमांक देतो, त्यात सगळे पाठवा. संध्याकाळपर्यंत तपासून परत. बायकोला बोललात तर तिलाही अटक होईल."

घरासाठीचे पैसे? बाईंनी फटीतून नीट बघितलं. फौजदारांची एक खूण त्यांना पाठ होती. नाटकात घाबरायचं असलं की फौजदारांचा उजवा हात थरथरे. ती थरथर बाईंनीच बसवून घेतली होती. पण खरोखर घाबरले की थरथरायचा तो डावा गुडघा. आत्ता उजवा हात टेबलावर निवांत पडला होता, आणि टेबलाखाली डावा गुडघा लटलटत होता.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ही तालीम नव्हती. हा चोर होता, आणि कबुलीचं वाक्य फौजदारांच्या तोंडी त्यांनी स्वतः घातलं होतं.

त्यांनी घाईनं कुजबुज केली, "फोन ठेवा!"

फौजदार ताठ झाले. मिशी फुलली. मोबाईलकडे बघून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते गरजले, "फोन ठेवा!"

पलीकडचा माणूस इतका दचकला की त्याची टोपी कपाळावर आली. क्षणभर बाईंना वाटलं, जमलं. पण फौजदार आपलं वाक्य म्हणून मोकळे झाले होते आणि फोन जिथल्या तिथं चालूच होता. चोरानं टोपी सावरली, आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या.

"अधिकाऱ्यावर ओरडता? खोलीत कोण आहे तुमच्याबरोबर? पाठवू का आत्ता गाडी दारात? सगळ्या शेजाऱ्यांसमोर बेड्या घालून नेऊ?"

फौजदार गळाले. "कोणी नाही साहेब."

"मग मी सांगतो तसं म्हणा. मी हे पैसे माझ्या मर्जीनं पाठवतोय."

"मी हे पैसे माझ्या मर्जीनं पाठवतोय."

"आता आकडा टाका."

बाईंना राग आला, आणि तो चोरीचा नव्हता. त्यांच्या विंगेत दुसराच कुणी येऊन बसला होता. ज्या माणसाला त्यांनी जन्मभर वाक्यामागून वाक्य भरवलं, त्याला आता हा सोम्यागोम्या भरवत होता, आणि तो भाबडा माणूस चमच्यामागून चमचा गिळत होता. सवय कुणी लावली होती? अंधारातून खात्रीच्या आवाजात कुणी काही सांगितलं की ते म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय बाईंच्याच हातची होती.

फौजदार फोनवर बोटं फिरवत होते. शून्यं पडत होती. पुन्हा कुजबुजावं तर पुन्हा तेच होणार होतं.

बाईंनी दार ढकललं आणि त्या आत गेल्या. खिडकीतलं ऊन थेट तोंडावर आलं. मोबाईलच्या कोपऱ्यात आपला चेहरा त्यांना दिसला, ओले हात, खांद्यावर कपड्यांचा चिमटा अडकलेला. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना असं उजेडात, प्रवेश चालू असताना बघितलं नव्हतं.

"ए बाई, कोण तू? बाजूला हो," चोर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी फौजदारांच्या हातावर हात ठेवला, साखरेच्या डब्याला टेकलेला मोबाईल उचलला, आणि लाल बटण दाबलं. निळा पडदा गेला.

फौजदारांनी सवयीनं डावीकडे बघितलं. तिथं उघडं दार होतं, कुणीच नव्हतं. मग त्यांनी समोर बघितलं.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही. चोर होता तो," बाई म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत, बोलल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "फोनवर अटक होत नसते. पोलीस कुणाचे पैसे तपासायला मागत नाहीत."

"पैसे?"

"आकडाच टाकला होतात. पाठवले नव्हते."

फौजदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तू खोलीत आलीस म्हणून. मी पाठवणारच होतो. घर गेलं असतं गं आपलं." मिशीतून थेंब गळत होते, आणि ते काही नाटकातलं रडणं नव्हतं. "मला वाटायचं मी लोकांना घाबरवतो."

"आणि मला वाटलं तुम्हाला आरोपीचं काम मिळालं," बाई म्हणाल्या. "कबुली मीच सांगितली तुम्हाला. दोघंही सारखेच शहाणे."

फौजदारांनी हात बाजूला केले. "कसं होतं पण? आरोपीचं काम?"

"गुडघा फार हलत होता," बाई म्हणाल्या, आणि मग दोघंही हसत सुटले, डोळे पुसत.

त्यांनी आधी बँकेला कळवलं, मग खऱ्या पोलिसांना, मग मुलीला. खरे पोलीस फोनवर इतके सौम्य बोलले की फौजदारांना ते नवशिके वाटले. मुलगी रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "आईला सांगायला काय झालं होतं, बाबा?" फौजदारांनी डावीकडे बघितलं. बाई मुद्दाम बाल्कनीत निघून गेल्या.

मग आतून आवाज आला, "लाज वाटली, बेटा."

सोमवारी पैसे घरमालकाकडे गेले आणि घर झालं. दुपारी फौजदार स्टुलावर चढले, खिळा धरला, हातोडी उगारली, आणि डावीकडे बघितलं. "इथं ठोकू?"

"भिंत तुमची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

खिळा वाकडा गेला. फोटोतले फौजदार किंचित कलंडून, चहा पिणाऱ्या माणसासारखे दिसू लागले. बाईंना सरळ करायचा मोह झाला, पण त्यांनी हात आवरला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. फौजदारांनी स्टुलावरूनच तो उचलला. पलीकडून कुणीतरी घाईघाईनं सांगत होतं, खातं बंद पडणार आहे, आत्ताच्या आत्ता, एक क्रमांक येईल तो सांगा. फौजदारांचा डावा गुडघा हलला. नजर बाईंकडे वळली. बाई कपडे घडी करत होत्या. त्या उठल्या नाहीत, पुटपुटल्याही नाहीत. ओठ मात्र त्यांनी दातांखाली घट्ट धरले होते.

फौजदारांनी घसा खाकरला.

"थांबा," ते म्हणाले. "मी आधी माझ्या बायकोला विचारतो."

आणि त्यांनी फोन ठेवला. बाईंच्या हातातला सदरा तसाच राहिला. त्यांना फौजदारांचं प्रत्येक नाटक तोंडपाठ होतं, पण हे वाक्य एकाही नाटकात नव्हतं.